पडदे-ब्लाइंड बसवायचं काम: गावोगावी फिरताना पिशवीत काय पाहिजेच?

दारव्हेकर_फिटर
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. यवतमाळला एका दुकानाच्या हाताखाली पडद्यांचे रॉड, रोलर ब्लाइंड (नळीवर गुंडाळून वर जाणारा खिडकीचा सपाट पडदा) बसवायचं काम शिकलो, आता स्वतःचं सुरू करतो आहे. दुकानात होतो तेव्हा हत्यारं दुकानाची, काही कमी पडलं तर पोरगं पाठवून आणता यायचं. आता दिग्रस, आर्णी, नेर इकडच्या गावांत एकट्याने गाडीवर जायचं आणि तिथं बिट (ड्रिलचं टोक) तुटली किंवा प्लग (भोकात स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या) संपले की परत तालुक्याला या, म्हणजे अर्धा दिवस गेला आणि घरमालकाचाही खोळंबा. पैसा मर्यादित आहे, सगळं एकदम घेता येणार नाही. माझं मत असं की पहिला पैसा चांगल्या रोटरी हॅमरमध्ये (ठोके देत भोक पाडणारी ड्रिल मशीन) घालावा, टेप, लेव्हल, पाने वगैरे साधे चालतात. बरोबर आहे का? रोज हे काम करणाऱ्यांनी सांगा आणि ज्यांनी घरी बसवून घेतलं त्यांनीही सांगा, फिटरजवळ काय नसलं की काम बिघडते.

अकोटचा_भाऊ
हॅमर तं लागतेच भाऊ, त्याच्याबिगर गती नाही. आता गावातबी खिडकीवर आरसीसीचा लिंटल (सळ्या घातलेला काँक्रीटचा आडवा पट्टा) असते, साधं ड्रिल तिथं लावून बसलं तं टोक लाल होते पण भोक काही पडत नाही. पण टेप-लेव्हल साधे चालतात हे मले नाही पटलं.

पांढरकवडा_एक्स्प्रेस
आलो, बसलो, चहा मागवला. हा धागा लंबा चालते आता.

जुना_सुतार_अचलपूर
बाबू, अकोटवाल्या भाऊचं खरं आहे. हॅमर भोक पाडते, पण भोक कुठं पाडायचं हे टेप आणि लेव्हल सांगते. भोक चुकलं की भिंतीला ठिगळ, आणि ठिगळ रंगात लपत नाही.

टेपचं आधी सांगतो. टेपच्या तोंडाचा हुक थोडा हलतो, लोकांना वाटते ढिला झाला आणि ठोकून पक्का करून टाकतात. तो मुद्दाम तसा ठेवलेला असते. हुकाची जेवढी जाडी तेवढंच ते मागंपुढं सरकते, म्हणजे आतून टेकवून मापलं काय आणि बाहेरून अडकवून मापलं काय, माप एकच येते. शिडीवरून दोन-चारदा पडून हुक वाकला की ते माप गेलं. म्हणून 5 मीटरचा चांगला टेप घे, फ्रीमन्सचा असो की दुसऱ्या चांगल्या कंपनीचा, आणि ज्या टेपनं खिडकी मापली त्याच टेपनं पाइप काप.

खिडकीची रुंदी वर, मधात आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची. चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असन तं तिन्हीतलं सर्वात कमी माप धरायचं. जुन्या वाड्याच्या खिडक्या वर-खाली अर्धा अर्धा इंच वेगळ्या असतात, एकच माप घेऊन आलेला ब्लाइंड मधातच अडकते.

आणि लेव्हल. दुकानातच तपासून घे. सपाट फरशीवर ठेव, बुडबुडा कुठं उभा राहते ते पाह्य, मग लेव्हल तिथंच उलटी फिरव, डावं टोक उजवीकडं. बुडबुडा परत त्याच जागी आला पाहिजे. नाही आला तं ती लेव्हल ठेवून दे आणि दुसरी माग. फरशीला थोडा उतार असला तरी या तपासणीला फरक पडत नाही.

दारव्हेकर_फिटर
काका, लेव्हल उलटवून तपासायचं आम्हाला कोणीच शिकवलं नव्हतं. उद्याच करतो. माप इंचात घेऊ की मिलिमीटरमध्ये? इकडे सगळे सुतात बोलतात.

लेव्हलवाला_नागपूर
ब्लाइंडचं माप मिमीमध्येच. गिऱ्हाइकाशी फूट-इंच-सुतात बोला, त्यांना तेच कळते, पण ऑर्डर लिहिताना मिमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिमी. चौकटीच्या आतल्या ब्लाइंडला दोन्ही बाजूंनी मिळून थोडीशीच जागा सोडलेली असते, तिथं 3 मिमी म्हणजे बसला किंवा घासला इतका फरक आहे. आणि कारखान्याला लिहून द्या की हे खिडकीचं माप आहे की तयार ब्लाइंडचं. खिडकीचं दिलं तर ते लोक आपल्या हिशेबाने कमी करतात, आणि तुम्ही आधीच कमी करून दिलं असेल तर दोनदा कमी होते.

आता तुमचा मूळ प्रश्न. पहिला पैसा रोटरी हॅमरमध्ये, हे मलाही मान्य आहे. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून ठोके येतात, त्यामुळे माणसाला अंगाचा जोर लावावा लागते. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन हवेच्या दाबाने ठोका देते, आपण नुसती मशीन धरायची. शिडीवर उभं राहून, हात वर करून, दिवसभर लिंटलमध्ये भोकं पाडताना हा फरक खांद्याला कळते. फार मोठी मशीन नको, दोन-सव्वादोन किलोची, 20-22 मिमी क्षमतेची पुरते, आपल्याला भोकं तर 6 आणि 8 मिमीचीच पाडायची असतात. एसडीएस प्लस बिट (खाचा असलेल्या दांड्याच्या, हॅमरमध्ये नुसत्या ढकलून बसतात त्या) चार-पाच जास्तीच्या ठेवा, लिंटलात सळी लागली की टोक जाते.

पण एक लक्षात ठेवा, एसडीएसच्या मशीनमध्ये लाकडाची साधी बिट सरळ बसत नाही, वेगळा चक (बिट धरणारा जबडा) लावावा लागते आणि तो डुलते. म्हणून लाकडासाठी आणि स्क्रू कसायला छोटं बॅटरीचं ड्रायव्हर लागतेच. 12 व्होल्टचं पुरते.

साकोलीची_गृहिणी
फिटरसाठी धागा आहे पण विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे जो माणूस आला त्याच्याजवळ मशीन झकास होती, पण अंथरायला एक चादर नव्हती. लाल विटेचा भुगा सोफ्यावर, गादीवर, देवघरावर सगळीकडे. पुसायला गेलं की पांढऱ्या भिंतीवर लाल ओघळ. भिंतीला हाताचे काळे ठसे वेगळेच. पडदे छान लागले पण घरात सगळ्यांना आठवतो तो भुगाच. माझ्या मते पहिल्या यादीत जुनी चादर, झाडणी, सुपडी आणि हात पुसायला फडकं हे असायलाच पाहिजे. याला पैसाही लागत नाही.

अकोटचा_भाऊ
ताई बरोबर बोलल्या. मी तं भोकाच्या खाली मास्किंग टेपनं कागदाचं पाकीट चिकटवतो, तोंड उघडं ठेवून. सगळा भुगा त्यातच पडते. आणि एक हातभर लांबीचा सायकलचा पंप ठेवतो, भोक पाडलं की नळी आत घालून दोन झटके. लोकं तोंडानं फुकतात, मंग डोये चोळत बसतात. भोकात भुगा राह्यला तं प्लग पूरा आत जात नाही, बाहेर बोंड राह्यते, मंग ब्रॅकेट भिंतीला चिकटत नाही.

लेव्हलवाला_नागपूर
पंपाची आयडिया एकदम कामाची आहे. भोकाची खोलीही प्लगच्या लांबीपेक्षा 10 मिमी तरी जास्त ठेवा म्हणजे उरलेला भुगा मागे राहायला जागा मिळते. बिटीवर टेपचा तुकडा गुंडाळून खूण केली की झालं. आणि डोळ्याला चष्मा, तोंडाला एन 95. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, रोजच्या रोज छातीत गेली तर फुप्फुसाचा सिलिकोसिस होऊ शकते आणि तो बरा होत नाही. रुमाल बांधून ती बारीक धूळ थांबत नाही.

वायरमन_वणी
सगळं वाचतो आहे पण विजेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. खिडकीच्या बाजूला स्विचबोर्ड असला तर त्या बोर्डाच्या सरळ वर स्लॅबपर्यंत भोक पाडू नका, वायरिंगचा पाइप बहुतेक तिथूनच उभा चढलेला असतो. आणि बरीच लोकं आता एसीचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट खिडकीच्या वरच घेतात, मग पाइप आडवाही असू शकतो. भिंतीतली वायर शोधायचं डिटेक्टर मिळतं, छोटं असतं, तेवढ्यासाठी तरी पैसे काढा. भोक पाडताना त्या खोलीचा एमसीबी पाडून, एक्स्टेंशन दुसऱ्या खोलीतून घ्या. टेस्टर खिशात पाहिजेच.

खेड्यात अर्थिंग अनेक घरी नावालाच असते. म्हणून मशीन डबल इन्सुलेशनची घ्या, चौकोनात चौकोन अशी खूण तिच्यावर असते. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या, जाड वायरचा, त्यात 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. गिऱ्हाइकाच्या घरचं एक्स्टेंशन वापरू नका, कूलरला लावून लावून त्याची वायर कडक झालेली असते.

पांढरकवडा_एक्स्प्रेस
कूलरच्या गोष्टीवरून, आमच्या घरी कूलर चालू करायचा असला की आई आधी विचारते कोणाला पाण्याची मोटर लावायची आहे का. एक्स्टेंशन एकच आहे न.

वायरमन_वणी
@पांढरकवडा, आजच दुसरं आणा भाऊ, मोटर आणि कूलर एका बोर्डवर लावू नका.

शिवणताई_चिखली
मी पडदे शिवते, बसवायला दुसरा मुलगा असतो. शिवणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

रॉड लागल्याशिवाय पडद्याच्या उंचीचं माप घेऊ नये. आधी सांगतात सात फूट, आणि फिटर रॉड त्याच्या मनाने चार इंच वर लावून जातो, मग पडदा जमिनीपासून वर लोंबतो. रॉड खिडकीच्या वर सहा-आठ इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर घेतला तर पडदा सारल्यावर काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी मोठी दिसते. रॉड लागला की त्याच दिवशी रॉडपासून फरशीपर्यंत डावीकडे, मधात, उजवीकडे माप घ्या, जुन्या घरात फरशीला उतार असतो.

दुसरं, फिटरच्या पिशवीत एक छोटा डबा हवा. सुई-दोरा, सेफ्टी पिना, जास्तीचे हुक, उसवायची कात्री. आणि जमलं तर हातातला स्टीमर. घडी पडलेला पडदा टांगून दिला की गिऱ्हाइकाला वाटतं कापडच हलकं आहे. वाफ दिली की चुण्या सरळ पडतात आणि त्याच पडद्याला लोक जवळ येऊन हात लावून पाहतात.

दारव्हेकर_फिटर
ताई, स्टीमरचं दुकानात पाहिलं होतं पण ते फक्त शोरूमसाठी असते असं वाटायचं. घेईन पुढे.

एक मोठी अडचण राहिली. इकडे अनेक घरं अर्धी जुनी अर्धी नवी आहेत. समोर स्लॅब आणि मागच्या खोल्या पांढऱ्या मातीच्या. मातीच्या भिंतीत प्लग टिकतच नाही, हाताने ओढला तरी येतो. तिथं तुम्ही काय करता? आणि आता राखेच्या विटा, पांढरे हलके ब्लॉक पण येऊ लागले.

जुना_सुतार_अचलपूर
मातीच्या भिंतीशी भांडायचं नाही बाबू. जुन्या घरात खिडकीला सागवानी चौकट असते, वरती लाकडाची पाटली असते, तिथं धर. चौकटीच्या वर एक तीन-चार इंच रुंद फळी, चौकटीपेक्षा दोन्हीकडं थोडी लांब, चौकटीत आणि पाटलीत पक्की कस, आणि मग रॉडचे ब्रॅकेट त्या फळीवर. फळीला भिंतीचा रंग दे, कोणाला समजतही नाही. जुनं सागवान कडक असते, त्यात आधी 3 मिमीचं भोक पाडल्याशिवाय 4 मिमीचा स्क्रू घालू नको, नाही तं स्क्रूचं डोकं तुटून आतच राहते. स्क्रूला साबण लाव, सरसर जाते.

मातीची भिंत दीड-दोन फूट जाड असते आणि वर्षानुवर्षं उभी असते. तिच्यात हॅमर लावला तं आतली माती सैल होऊन पोपडा खाली येते. हॅमर त्या घरात पिशवीतून काढूच नको.

लेव्हलवाला_नागपूर
काकांनी मातीचं सांगितलं, मी बाकीच्या भिंतींचं सांगतो. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांची राख भरपूर म्हणून राखेच्या विटा खूप चालतात. त्या भरीव असतील तर नेहमीचा नायलॉन प्लग चांगला धरतो, फक्त विटेच्या मधात भोक घ्या, सांध्यात नाही. पांढरे हलके ब्लॉक म्हणजे एएसी, ते आतून फुगलेले असतात, त्यात ठोक्याचा मोड बंद करून फक्त फिरवून भोक पाडा आणि एएसीसाठीचे लांब प्लग वापरा. ठोक्याने पाडलं तर 8 चं भोक 10-11 चं होते आणि प्लग आत गोल फिरत राहते. जिप्समच्या सीलिंगला तर प्लग लावूच नका, ते आतून उघडणारे टॉगल किंवा वरच्या लोखंडी पट्टीत स्क्रू. मोटरचा किंवा जड पडद्याचा ट्रॅक असेल तर सीलिंग करणाऱ्यालाच आधी सांगून वर प्लाय टाकून घ्या.

नायलॉनचा हा फुगणारा प्लग जर्मनीच्या आर्टूर फिशरने 1958 मध्ये काढला, अजूनही अनेक दुकानांत प्लग मागायचा तर फिशर द्या म्हणतात. रस्त्यावरचे कडक प्लास्टिकचे घेऊ नका, उन्हात ठिसूळ होतात आणि स्क्रू घालताना फाटतात.

झेडपी_मास्तर_हिंगणघाट
चर्चा चांगली चालली आहे. पालक आणि शिक्षक म्हणून एक विनंती. ब्लाइंडची साखळी किंवा दोरी लोंबती सोडू नका. लहान मुलाच्या गळ्यात ती अडकून मृत्यू झाल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत, त्यामुळेच युरोपमध्ये ईएन 13120 हे मानक आहे आणि अमेरिकेतही दोऱ्यांवर कडक नियम आले. साखळी खाली भिंतीला ताणून पक्की करायचा एक छोटा क्लिप ब्लाइंडच्या पाकिटात असतो, अनेक फिटर तो पाकिटासकट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन निघून जातात. दोरी असेल तर ती गुंडाळायचं खुंटीसारखं हुक जमिनीपासून दीड मीटरच्या वर लावा. आणि खिडकीखाली पलंग, पाळणा असेल तर घरच्यांना तो हलवायला सांगा. या कामाला दोन स्क्रू लागतात, ते पिशवीत असलेच पाहिजेत.

साकोलीची_गृहिणी
सर, तुमचं वाचून लगेच जाऊन पाहिलं. क्लिप अजून पाकिटातच होता. माझी नात खिडकीजवळच खेळते. आज लावून घेते.

लेव्हलवाला_नागपूर
मास्तर सरांचा मुद्दा प्रत्येक फिटरने करायलाच पाहिजे, गिऱ्हाइकाने विचारो न विचारो.

अकोटचा_भाऊ
आता शिडीचं बोला राजेहो. गाडीवर शिडी न्यायची कशी? मी तं गावातलीच मागतो.

जुना_सुतार_अचलपूर
गावातली बांबूची शिडी भिंतीला टेकवून लागते, आणि आपल्याला काम तं खिडकीच्या समोर करायचं असते. काचेवर टेकवणार का? ॲल्युमिनियमची पाच-सहा फुटी घोडी (आपल्या पायावर उभी राहणारी घडीची शिडी) पाहिजे, पायाला रबर असलेली. शहाबादी फरशी पुसलेली ओली असली की रबर नसलेला पाय सरकते. खुर्चीवर स्टूल ठेवून चढणारे पाहिले आहेत, तसं करायचं नाही म्हणजे नाही.

अकोटचा_भाऊ
काका तुमचं मानतो, घोडी घेतो. पण मंग गाडीवर घोडी, हॅमर, 12 फुटी पाइप हे सारं कसं?

दारव्हेकर_फिटर
पाइप मी दुकानातच मापाने कापून नेतो. कापलेले तुकडे गोणपाटात गुंडाळून बांधायचे.

लेव्हलवाला_नागपूर
कापून न्या पण इंचभर जास्त ठेवून, शेवटचा काप घरी. जुन्या घरात भिंतीला भिंत लागते तिथं माप फसवते. स्टीलच्या पातळ पाइपला आरीचं पान इंचाला 32 दातांचं वापरा, मोठ्या दाताचं पान पातळ पत्र्यात अडकून पाइप चेपते. त्यापेक्षा चाकाचा पाइप कटर घ्या, गोल फिरवून आवळत गेलं की सरळ काप येते, भुगा शून्य. पाच-सहा फुटांच्या वर रॉड असला तर मधला आधार द्याच, नाही तर जड पडद्याने मधात झोका येते.

पांढरकवडा_एक्स्प्रेस
आमच्या काकांच्या हॉलमधल्या रॉडला इतका झोका आला आहे की भाची त्यावर नागपंचमीला झुला बांधू म्हणते.

शिवणताई_चिखली
भाचीला थांबवा आणि आजच मधला ब्रॅकेट लावा :)

वायरमन_वणी
बॅटरीच्या ड्रायव्हरबद्दल एक राहिलं. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 च्या वर पारा जातो आणि नेमकं तेव्हाच लग्नसराईची, पडद्यांची कामं असतात. लिथियमच्या बॅटऱ्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. गरम बॅटरी चार्जरवर लावली तर चांगला चार्जर ती घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो आणि लोकांना वाटते चार्जर बिघडला. आधी सावलीत, कूलरच्या हवेजवळ थंड होऊ द्या मग लावा. कूलरच्या पाण्यापासून लांब. दोन बॅटऱ्या ठेवाच, लाइन गेली तर निदान स्क्रूचं काम थांबत नाही.

अकोटचा_भाऊ
उन्हाळ्यावरून आठवलं, पश्चिमेच्या खिडकीले लोकं जाड जाड ब्लॅकआउट पडदे मागतात आन म्हणतात खोली थंड होईन. थंडी तं आमच्या आजीच्या वाळ्याच्या ताटीनं होत होती, बाहेरून लावायची, पाणी मारायचं, आन वास असा की दुपारची झोप लागलीच समजा.

लेव्हलवाला_नागपूर
आजीचं शास्त्र बरोबर होतं. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापते आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरून अडवलं तर काचच तापत नाही. मी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक आणि आतून साधा पडदा असंच सुचवतो. पण चिक बाहेर लावायची तर तिचे हुक आणि स्क्रू स्टेनलेसचे ठेवा, पावसाळ्यात साधे स्क्रू गंजून भिंतीवर तांबडा ओघळ आणतात. वाऱ्यासाठी खाली दोन दोऱ्या बांधायला कड्या.

साकोलीची_गृहिणी
हे छान सांगितलं. आमच्याकडे दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवत नाही.

दारव्हेकर_फिटर
एक भांडणाचा विषय काढतो. जुन्या घरात चौकटच तिरपी असते. रॉड लेव्हलमध्ये लावला तर चौकटीच्या मानाने वाकडा दिसतो आणि घरमालक म्हणतो वाकडा लावला. मग लेव्हल धरायची की चौकट?

जुना_सुतार_अचलपूर
लेव्हल. बुडबुडा मधात असला की आपण मोकळे. ओळंबा आणि लेव्हल सोडून डोळ्याच्या मागं लागलं तं प्रत्येकाचा डोळा वेगळा.

शिवणताई_चिखली
काका, इथं मी वेगळं म्हणेन. पडदा लोक लेव्हल लावून पाहत नाहीत, डोळ्यानेच पाहतात. छताची रेघ आणि रॉडची रेघ जवळ असेल आणि एक वर एक खाली जात असेल तर कितीही लेव्हल असो, खटकतं. मी फिटरला सांगते, दोन्हीच्या मधला रस्ता काढ, आणि पडद्याची खालची शिवण फरशीप्रमाणे कमी-जास्त करून देते.

लेव्हलवाला_नागपूर
दोघांचंही बरोबर, पण काय बसवतो त्यावर आहे. चुणीच्या पडद्याचा रॉड असेल तर ताईंचं ऐका. रोलर किंवा झेब्रा (पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा) ब्लाइंड असेल तर काकांचंच, तिथं तडजोड नाही. रोलर तिरपा बसला की कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जाते, कड ब्रॅकेटला घासून दोरे निघतात. पूर्ण लेव्हलमध्ये लावूनही सरकत असेल तर कापड ज्या बाजूला जाते त्याच्या विरुद्ध बाजूला नळीवर मास्किंग टेपचा एक पट्टा लावा, तिथं नळी जरा जाड होते आणि कापड तिकडं ओढलं जाते. ब्लाइंडसाठी मालकाला आधीच लेव्हल लावून चौकट दाखवा, भोक पाडण्याआधी. नंतर सांगितलं तर बहाणा वाटते.

जुना_सुतार_अचलपूर
आधी दाखवायचं हे एकदम मान्य. ताईंचं शिवणीचंही पटलं, ते माझ्या हातात नसते म्हणून मी तसा विचार केला नव्हता.

झेडपी_मास्तर_हिंगणघाट
लेझर लेव्हल कोणीच म्हटलं नाही?

लेव्हलवाला_नागपूर
सर, मिळाली तर हिरव्या रेघेची घ्यावी, लालपेक्षा उजेडात बरी दिसते. तरी आपल्या दुपारच्या उन्हात, खिडकीसमोर, रेघ शोधावी लागते. एका ओळीत चार खिडक्या असल्या की फार कामाची. एकट्या खिडकीला दोन फुटी साधी लेव्हल पुरते. लांब व्हरांड्याला पाण्याची पारदर्शक नळीही अजून खरी, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

दारव्हेकर_फिटर
सगळ्यांचं वाचून माझं मत बदललं. हॅमर घेतोच, पण मध्यम, आणि त्यातून वाचलेल्या पैशात चांगला टेप, तपासलेली दोन फुटी लेव्हल, वायरचं डिटेक्टर आणि रबरवाली घोडी. चष्मा, मास्क, चादर, पंप, एलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच, आणि वायरमन भाऊंनी सांगितलेला एक्स्टेंशन बोर्ड. बॅटरीचं ड्रायव्हर पुढच्या महिन्यात, तोपर्यंत हाताचा स्क्रूड्रायव्हर. स्टीमर आणि लेझर दिवाळीच्या सीझननंतर. चालेल का?

जुना_सुतार_अचलपूर
चालेल. स्क्रूड्रायव्हर टपारियाचा घे, टोक गोल होणार नाही. आणि ड्रायव्हर येईपर्यंत लाकडाची भोकं पाडायला हातड्रिल ठेव, सागवानात लागणार.

वायरमन_वणी
डिटेक्टर घेतलं की आधी स्वतःच्या घरी, ज्या वायरचा रस्ता माहीत आहे तिथं चालवून पाहा. लाइन चालू असताना आणि बंद असताना काय दाखवते ते कळलं पाहिजे. एमसीबी पाडून तपासलं तर काही डिटेक्टर वायर असूनही गप्प बसतात, म्हणून आधी चालू लाइनवर शोधा, खडूने खूण करा, मग एमसीबी पाडा आणि मग भोक.

दारव्हेकर_फिटर
हे फारच महत्त्वाचं सांगितलंत. शेवटचा प्रश्न, प्लग आणि स्क्रू कोणत्या मापाचे किती ठेवू? परवा आर्णीजवळ एका घरी नऊ खिडक्यांचं काम आहे, सगळं घर विटेचं, वर आरसीसी लिंटल.

लेव्हलवाला_नागपूर
साध्या रॉडला 6 मिमीचा प्लग, त्यात 4 ते 5 मिमीचा स्क्रू. जड पडदे, मोठा रॉड, रुंद रोलर याला 8 मिमीचा प्लग आणि 5 मिमीचा स्क्रू, लांबी 50 मिमी. प्लास्टर जाड आणि पोकळ वाटलं तर 60 ची लांबी घ्या, स्क्रू विटेत गेला पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये नाही. नऊ खिडक्या, दोन टोकांचे ब्रॅकेट आणि मोठ्यांना मधला आधार, ब्रॅकेटला दोन-तीन स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त 80 च्या आसपास. दोन्ही मापांचे शंभर-शंभर न्या आणि बिटी प्रत्येकी तीन.

अकोटचा_भाऊ
आन दोन बिटी गाडीच्या डिकीत वेगळ्या ठेव, पिशवीतल्या कोणी शेजारी मागून नेते तं परत येत नाही.